अनुदान आधी की नाव आधी?

नाव-जाळ्याच्या अनुदानाबद्दल शनवाऱ्यातून आणि तापीकाठच्या गावांतून विचारणा वाढलीय, म्हणून हिशोब मांडतो.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना 2020 पासून आहे. सर्वसाधारण वर्गाला 40 टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना 60 टक्के अनुदान. पण हे टक्के सरकारने धरलेल्या खर्चावर मिळतात, दुकानदाराच्या बिलावर नाही. समजा मान्य खर्च 1 लाख आणि तुमचं बिल सव्वा लाख. अनुदान 40 हजारच, उरलेले 85 हजार आपल्या खिशातून. महिलेच्या अर्जावर 60 हजार मिळतील, तरी 65 हजार उभे करायचेच.

शिवाय पैसा मागाहून येतो. आधी खर्च, मग तपासणी, मग खात्यात रक्कम. तोवर सावकाराचं व्याज चढलं तर अनुदान त्यातच गेलं समजा! म्हणून मंजुरीचा कागद हातात येईपर्यंत नाव घेऊ नका, आणि आपल्या हिश्श्याचं बँकेत आधी बोलून ठेवा. किसान क्रेडिट कार्ड खेळत्या भांडवलासाठी असतं, नावेसाठी त्यावर विसंबू नका.

बिल पक्कंच घ्या. आधार, समग्र आयडी आणि पासबुकावर नाव एकसारखं हवं. आपल्याकडे बायकांच्या नावापुढे एकीकडे ‘बाई’ असतं, दुसरीकडे नसतं. तेवढ्यावरही अर्ज अडतो.

16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. त्या दिवसांत कागद घेऊन सोसायटीत या, आपण बसून तपासू.