तिथल्या शब्दांना बिचकू नकोस

अगं, लिंक्डइनवर, म्हणजे नोकरी-धंद्याच्या ओळखी जोडायच्या साइटवर, खातं उघडलंस हे फार चांगलं केलंस. पण "हे आपल्यासारख्यांसाठी नाही" म्हणत ते बंद करायला निघालीस, ते काही मला पटलं नाही. बुऱ्हाणपूरकडच्या जसोंडीतल्या पोरीला तिथे कोण विचारणार, असं तुला वाटतं. मला नेमकं उलटं वाटतं. ज्याचा काका बँकेत आणि मामा कंपनीत साहेब, त्याचं या साइटवाचून काही अडत नाही. आपल्या घरात नोकरीतलं कुणीच नाही, म्हणून ती आपल्याच जास्त कामाची.

लोकांच्या नावापुढे फर्स्ट, सेकंड, थर्ड असं लिहिलेलं दिसतं, ते आधी समजून घे. फर्स्ट म्हणजे तुझ्याशी थेट जोडलेला माणूस. सेकंड म्हणजे त्याच्याशी जोडलेला, तुझ्याशी अजून नाही. थर्ड म्हणजे आणखी एक पायरी पलीकडचा. तू फर्स्टमध्ये फक्त मैत्रिणी घेतल्यास आणि थांबलीस. पण त्यांना जे माहीत आहे, ते तुलाही माहीत असतंच ना! आपल्याकडे चांगलं स्थळ सख्ख्या बहिणीकडून कमी आणि मावशीच्या नणंदेकडून जास्त कळतं, तसंच नोकरीचंही आहे. मार्क ग्रॅनोवेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्येच हे मांडलं होतं, की नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीतून जास्त येते. पुढे लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांवर पाच वर्षं प्रयोग झाले. 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष आले, तेही जवळपास तसेच: अगदी घट्ट नाही आणि अगदी तुटकही नाही, अशा ओळखी नोकरी बदलताना सर्वांत उपयोगी पडतात. म्हणून तुझं लक्ष सेकंडवाल्यांकडे हवं.

त्यांच्याशी जोडून घ्यायचं तर 'कनेक्ट' दाबायचं. समोरच्याने होकार दिला की दोघं एकमेकांच्या यादीत. 'फॉलो' एकतर्फी असतं; त्यांचं लिहिलेलं तुला दिसतं, एवढंच. कनेक्ट करताना सोबत दोन ओळींची चिठ्ठी जोडता येते. मोफत खात्यात ही सोय महिन्याला थोड्याच वेळा मिळते, म्हणून ती जपून वापर. "नमस्कार मॅडम, मी बुऱ्हाणपूरची, बी.कॉम. झाले आहे, तुमच्या क्षेत्रात सुरुवात कशी करावी हे जाणून घ्यायचं आहे," इतकं पुरे. पहिल्याच चिठ्ठीत नोकरी मागू नकोस. 'इनमेल' म्हणजे अनोळखी माणसाला थेट संदेश. तो पाठवायला पैसे भरून प्रीमियम घ्यावं लागतं. तुला आत्ता त्याची अजिबात गरज नाही.

आता हेडलाइन. नावाखालची ही ओळ 220 अक्षरांपर्यंत लिहिता येते, आणि तू जिथे जाशील तिथे नावाला चिकटून दिसते. तू तिथे "नोकरीच्या शोधात" लिहिलंयस. त्यातून तुला काय येतं, हे कुणाला कसं कळणार? बाबांच्या केळीचा सगळा हिशोब तूच ठेवतेस ना? गाडीभाडं, मजुरी, खताची उधारी, मंडीतून आलेले पैसे, सगळं तुझ्या एक्सेलमध्ये आहे. बुऱ्हाणपूरची ओळखच केळी आणि यंत्रमाग. मग शेतमालाच्या व्यवहाराचे हिशोब येणं, ही लपवायची गोष्ट आहे का? लिही: बी.कॉम., टॅली, एक्सेल, शेतमाल व्यवहाराचे हिशोब. साइटचे मेनू आता मराठीतही दिसतात, सोयीसाठी ते मराठीत कर. पण प्रोफाइल इंग्रजीत ठेव, कारण रिक्रूटर, म्हणजे कंपनीसाठी माणसं शोधणारे, बहुतेक वेळा इंग्रजी शब्द टाकूनच शोधतात.

'एंडॉर्समेंट' आणि 'रेकमेंडेशन' यांत गल्लत करू नकोस. पहिल्यात तुझ्याशी थेट जोडलेला कुणीही तुझ्या कौशल्यासमोर एक बटण दाबतो. त्याचं वजन फारसं नाही. दुसऱ्यात माणूस स्वतःच्या नावानिशी तुझ्याबद्दल चार ओळी लिहितो, आणि तू मंजूर केल्यावरच त्या प्रोफाइलवर दिसतात. अकाउंट्सच्या सरांना तसं लिहायला सांग. संकोच करू नकोस, शिकवणाऱ्याला असं मागितलेलं आवडतं.

'ओपन टू वर्क' लावताना दोन पर्याय येतात. सगळ्यांना दिसणारा निवडलास तर फोटोभोवती हिरवी पट्टी येते. तू सध्या फक्त रिक्रूटरना दिसणारा निवड. त्या पट्टीकडे फसवणारेही बघत असतात. तिथेच कामासाठी गावांची नावं विचारतात. नुसतं बुऱ्हाणपूर लिहून थांबू नकोस, जायची तयारी असेल तर इंदूर, जळगाव, पुणेही टाक.

आणि हे नीट ऐक. तू कुणाचं प्रोफाइल उघडलंस, हे त्याला कळू शकतं. नको असेल तर सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हेट मोड' आहे. फोन नंबर प्रोफाइलमधल्या 'अबाउट'मध्ये लिहू नकोस. कुणी गोडगोड बोलायला लागला, फोटोचं कौतुक करायला लागला, तर उत्तर न देता ब्लॉक कर आणि रिपोर्ट कर. त्यात तुझं काही चुकलेलं नसतं. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट, कुठल्याही नावाने नोकरीसाठी पैसे मागितले, तर ती नोकरी नाहीच. पैसे गेलेच, तर घरच्यांच्या भीतीने गप्प बसू नकोस, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन कर. आणि केंद्र सरकारचं 2015 पासून चालू असलेलं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलही मोफत आहे. तिथेही नाव नोंदव.

एक काम या आठवड्यात कर. आपल्या कॉलेजचं पान तिथे असेल तर ते उघड आणि 'ॲल्युम्नी', म्हणजे माजी विद्यार्थी, दाब. कोण कुठे लागलंय ते दिसेल. त्यातल्या दोघींना चिठ्ठी पाठव. पाठवण्याआधी मजकूर मला दाखव, आपण मिळून नीट करू.