उष्णता व अवर्षणात टिकणारा गहू : निवडीची लक्षणे

महाराष्ट्रातील थंडी अल्पकाळ टिकते. जिरायत गहू पावसाने मागे ठेवलेल्या ओलीवरच वाढतो, तर उशिरा पेरलेल्या गव्हाचा दाणा ऊन तापू लागल्यावर भरतो. म्हणून केवळ भरघोस ओंबी पाहून वाण निवडणे धोक्याचे होय. पैदासकार पुढील लक्षणे पारखून घेतात.

१. कोंबाची लांबी : वरचा थर सुकला की बियाणे खोल ओलीत पेरावे लागते. अनेक बुटक्या वाणांचा कोंब आखूड असल्याने तेथे उगवण विरळ होते.

२. लवकर निसवणे : ओल संपण्यापूर्वी दाणा भरून निघतो. मात्र अतिलवकर निसवणाऱ्या वाणास फुटवे कमी येतात व चांगल्या सालीही उतारा घटतो.

३. पिकाचा थंडावा : खोल मुळ्या पाणी ओढीत राहिल्या म्हणजे पाने थंड राहतात. निरभ्र दिवशी दुपारी उष्णतामापकाने हा फरक मोजता येतो.

४. खोडातील साठा : पाने वाळू लागल्यावर खोडात साठलेली शर्करा दाण्याकडे जाते.

५. दाण्यांची संख्या व वजन : पराग तयार होताना तापमान ३० अंश सेल्सिअसवर गेल्यास पराग वांझ होतात. ओंबी मोठी दिसते, पण दाणे थोडे भरतात. म्हणून ओंबीतील दाणे मोजावेत व हजार दाण्यांचे वजन करावे.

पारख करताना तेच वाण वेळेवर व उशिरा असे दोनदा पेरतात. उत्पन्नातील घट कमी एवढ्यावरून वाण चांगला ठरत नाही. मुळातच कमी पिकणाऱ्या वाणाचीही घट थोडी दिसते. घट कमी व उतारा चांगला, अशी दोन्ही अंगे जुळली पाहिजेत.

गहू स्वपरागसिंचित आहे. शुद्ध वाणाची सर्व झाडे गुणाने जवळजवळ सारखी असतात. पाटाकडेची मोठी ओंबी ही पाण्याची व खताची करणी होय. तिच्या बियाण्यातून नवा वाण निघत नाही. शेतकऱ्याने भेसळीची झाडे उपटून बियाणे शुद्ध राखावे.

निफाड येथील संशोधन केंद्राने जिरायतीसाठी ‘पंचवटी’ हा बन्सी वाण आणि जिरायत व मर्यादित पाण्यासाठी ‘नेत्रावती’ हा सरबती वाण दिला आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी असा वाण प्रचलित वाणाशेजारी एकाच जमिनीत, एकाच दिवशी पेरवून घ्यावा. मळणीनंतर दोहोंचे वजन शेतकऱ्यांसमक्ष करावे व निर्णय त्यांच्यावर सोपवावा.