उपग्रह : व्यापारी माल की शस्त्र?

निर्यात-नियंत्रणाचा विषय निघाला की विद्यार्थी मला हमखास विचारतात, "सर, सरकार अडवते ते नेमके काय? वस्तू की ज्ञान?" अमेरिकेतील एका प्रकरणातून मी याचे उत्तर देतो.

१५ फेब्रुवारी १९९६ रोजी चीनमधील शीचांग येथून 'लाँग मार्च ३बी' अग्निबाण प्रथमच उडाला आणि काही सेकंदांतच जवळच्या डोंगरावर कोसळला. त्यावर लोरल या अमेरिकन कंपनीने बांधलेला 'इंटेलसॅट ७०८' उपग्रह होता. पुढील उड्डाणाच्या विम्यासाठी अपघाताची स्वतंत्र छाननी हवी होती. त्यासाठी तज्ज्ञांची समिती बसली आणि तिच्या अहवालाचा मसुदा सरकारी परवान्याविना चीनकडे गेला. उपग्रह नष्ट झालाच होता. सीमेपलीकडे गेले ते दोषाचे निदान! अग्निबाण व क्षेपणास्त्र यांचे शास्त्र बव्हंशी एकच. साहजिकच गदारोळ उठला.

१९९८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून उपग्रहांच्या परवान्याचा अधिकार वाणिज्य खात्याकडून परराष्ट्र खात्याकडे सोपविला. १५ मार्च १९९९ पासून दळणवळणाचा उपग्रहही शस्त्रांच्या यादीत गेला. सुट्या भागांनाही तोच जाच. तेव्हा युरोपात अमेरिकन भाग टाळून उपग्रह बांधले जाऊ लागले आणि ते चिनी अग्निबाणांवरून उडालेही. अखेर २०१३ च्या कायद्याने वाट मोकळी झाली व २०१४ मध्ये बहुतेक व्यापारी उपग्रह पुन्हा वाणिज्य खात्याकडे आले. चीनवरील बंदी मात्र राहिली.

माझ्या मते यातला धडा असा : वाणिज्य खात्याला गिऱ्हाईक दिसते, संरक्षणवाल्यांना शत्रू. एकट्याच्या हाती किल्ली दिली की एक तर दार सताड उघडे राहते, नाही तर कायमचे बंद. म्हणून दोघांवर संसदेची नजर हवी आणि यादी वेळोवेळी तपासली पाहिजे.

आपण बंद दाराबाहेर उभे राहिलो आहोत. १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रोवर निर्बंध लादले. रशियाकडून क्रायोजेनिक इंजिने मिळाली, तंत्र मिळाले नाही. स्वदेशी इंजिनाचे यशस्वी उड्डाण ५ जानेवारी २०१४ रोजी झाले. २०१६ मध्ये भारत क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण गटात सामील झाला. आज आपल्या 'स्कोमेट' यादीतही अवकाश-सामग्री आहे. म्हणजे दाराची किल्ली आता आपल्याही हाती आली. ती कशी वापरावी, याचा विचार उद्याचे अधिकारी, अभियंते आणि मतदार असलेल्या तुम्हालाच करावयाचा आहे.