झाडावरील निवास पर्यावरणपूरक कसा ओळखावा?

प्रश्न : म्हसावदहून तोरणमाळकडे जाताना सातपुड्याच्या जंगलात झाडावरील घरात राहण्याची इच्छा आहे. असा निवास खरोखर पर्यावरणपूरक आहे, हे कसे ओळखावे?

उत्तर : पहिली कसोटी झाडाची आहे. सालीच्या आतला थर पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचवतो. खोडाला आवळलेली तार खोड जाड होत गेल्यावर या थरात रुतते आणि मुळांची उपासमार होऊन झाड वाळते, म्हणून घराचा भार स्वतंत्र खांबांवर असणे आणि खोडाभोवती वाढीसाठी मोकळी जागा सोडलेली असणे इष्ट ठरते. दुसरी कसोटी सांडपाण्याची असून ते नाल्यात न सोडता शोषखड्ड्यात, म्हणजे दगडगोट्यांनी भरलेल्या खड्ड्यात, जिरवले जावे. तिसरी कसोटी जमिनीची आहे, कारण वनजमिनीचा वनेतर वापर करण्यासाठी १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानुसार सर्वसाधारणपणे केंद्र शासनाची पूर्वमान्यता लागते, तर २००६ चा वनहक्क कायदा सामूहिक वनसंपत्तीच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेला देतो. भिल्ल व पावरा कुटुंबांचे जीवन या जंगलाशी जोडलेले असल्याने, त्यांच्या संमतीविना आणि त्यांना रोजगारात वाटा न देता उभारलेला निवास पर्यावरणपूरक म्हणवून घेण्यास पात्र ठरत नाही.