संगणकाचा पडदा बिघडला? कार्ड बदलण्यापूर्वी ड्रायव्हर तपासा

रमझान ईदच्या आधीची गोष्ट. दुपट्ट्यांची डिझाइन भिवंडीला छपाईसाठी पाठवायची होती. भाच्याने आमच्या कल्याणच्या दुकानातील संगणकावर नवा ग्राफिक्स ड्रायव्हर टाकायला घेतला आणि मध्येच वीज गेली. परत आली तेव्हा पडद्यावरची अक्षरे मोठी व फुगलेली, आणि डिझाइनचा प्रोग्राम उघडेना. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले, "कार्ड जळाले, नवे घ्या." म्हणजे त्या खेपेचा नफा गेलाच. पण ओळखीच्या एका जाणकाराने तासाभरात तेच कार्ड चालू करून दिले. दोष ड्रायव्हरचा होता. त्या वेळी वहीत उतरवून घेतलेला क्रम व्यापारी व कारागीर बांधवांसाठी येथे देत आहे.

ड्रायव्हर म्हणजे काय? जॅकार्डच्या मागावर भोके पाडलेल्या पत्त्यांची माळ सांगते की कोणता धागा उचलायचा. माग उत्तम असला तरी दुसऱ्या मागाचे पत्ते चढवले तर नक्षी उमटत नाही. ग्राफिक्स कार्ड हा माग, ड्रायव्हर ही पत्त्यांची माळ. चुकीची किंवा अर्धवट माळ चढली की पडदा बिघडतो.

१) प्रथम वायर पाहा. वेगळे कार्ड असेल तर मॉनिटरची वायर त्या कार्डालाच जोडलेली हवी. पडदा अचानक काळा झाला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबा. त्याने ड्रायव्हर नव्याने सुरू होतो.

२) स्टार्टवर उजवे क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा व डिस्प्ले अडॅप्टर्स पाहा. तेथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असे नाव असेल तर विंडोज कामचलाऊ ड्रायव्हरवर चालत आहे. पिवळी खूण असेल तर प्रॉपर्टीजमधील कोड लिहून घ्या. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला पटवता आली नाही. ४३ म्हणजे कार्डाने अडचण कळवली म्हणून विंडोजने ते बंद केले. यात कार्डाचा दोष असू शकतो, तसा ड्रायव्हरचाही.

३) कार्डाची जात ओळखा. प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, मग हार्डवेअर आयडीज उघडा. कंपनीच्या जागी १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ असेल तर एएमडी, ८०८६ असेल तर इंटेल. ड्रायव्हर त्याच कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा; लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉप बनवणाऱ्याच्या. परक्या ठिकाणचा 'फुकट ड्रायव्हर' घेऊ नये, त्यातून व्हायरस येतो. 'या विंडोजशी जुळत नाही' असा संदेश आला तर आपले विंडोज कोणते, ३२ बिट की ६४ बिट, ते सेटिंग्जमध्ये पाहा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही ध्यानात असू द्या.

४) योग्य ड्रायव्हरही बसत नसेल तर जुन्याचे अवशेष अडवत असतात. संगणक पुन्हा सुरू करा, विंडोज अपडेट चालू असेल तर ते पुरे होऊ द्या, मग प्रयत्न करा. नव्या ड्रायव्हरनंतरच बिघाड झाला असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर' वापरा. तेही न जमल्यास सेफ मोडमध्ये जाऊन 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' या मोफत प्रोग्रामने जुना ड्रायव्हर मुळासकट काढा. त्या वेळी इंटरनेट बंद ठेवा, नाही तर विंडोज आपणहून दुसराच ड्रायव्हर बसवते. मग घेऊन ठेवलेला नवा ड्रायव्हर टाका. आमचे काम याच पायरीवर झाले.

हे करण्यापूर्वी डिझाइन व हिशेबाच्या फाइल पेनड्राइव्हवर उतरवा. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवा, सेफ मोडमध्ये जाताना ती मागितली जाऊ शकते. वीज मध्येच जाण्याची भीती असेल तेथे यूपीएसशिवाय ड्रायव्हर टाकूच नये. आणि खेप निघायच्या आदल्या दिवशी तर मुळीच नाही; आमची खरी चूक तीच होती.

इतके करूनही कोड ४३ कायम राहिला तर कार्ड दुसऱ्या संगणकात लावून पाहा. तेथेही चालले नाही तरच नव्या कार्डासाठी खिशात हात घाला. कापड घेताना आपण ताका उलगडून पाहतो, मग यंत्राच्या बाबतीत नुसत्या शब्दावर पैसे का मोजावेत?