धातुशोधकाचे वेटोळे आणि भूमिगत अवशेष

इ. स. १८९१ मध्ये बंगळूरनजीकच्या यशवंतपूर येथे रेल्वेच्या कामासाठी माती खणली जात असता, एका मडक्यात रोमन साम्राज्याची १६३ चांदीची नाणी सापडली. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, २०१८ च्या जुलै महिन्यात, शिवमोग्गा जिल्ह्यातील बिदनूर ऊर्फ नगर या गावी एका कोरड्या विहिरीतून कर्नाटकाच्या पुरातत्त्व खात्याने एक हजाराहून अधिक गंजलेले लोखंडी अग्निबाण बाहेर काढले. ते टिपू सुलतानाच्या काळातील होत, असे मानले जाते. पहिल्या ठेव्याचा पत्ता कुदळीने दिला; दुसऱ्याचा, विहिरीतील मातीला येणाऱ्या बंदुकीच्या दारूच्या वासाने. परंतु असे अवशेष उपकरणाच्या साहाय्याने शोधावयाचे झाल्यास ते उपकरण कसे असावे? एके ठिकाणी चांदीची लहान नाणी, तर दुसरीकडे लोखंडाच्या नळ्यांचा ढीग. या दोहोंसाठी एकच साधन सारख्याच योग्यतेचे ठरेल काय?

या प्रश्नाचे उत्तर धातुशोधकाच्या दांड्याच्या टोकाशी असलेल्या चपट्या तबकडीत दडलेले आहे. या तबकडीत तांब्याच्या तारेची वेटोळी बसविलेली असतात. व्यवहारात तिलाच कॉइल म्हणतात.

वेटोळ्याचे कार्य

तबकडीतील एका वेटोळ्यातून दिशा सतत पालटणारा विद्युत् प्रवाह सोडला जातो. त्यामुळे भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते व ते जमिनीत शिरते. मार्गात धातूचा तुकडा आल्यास त्याच्या अंगी भोवऱ्यासारखे फिरणारे सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतात आणि हे प्रवाह स्वतःचे असे दुसरे, दुबळे क्षेत्र निर्माण करतात. तबकडीतील दुसरे वेटोळे नेमके हेच क्षेत्र टिपते. याच तत्त्वावर १८८१ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने अमेरिकेचे जखमी अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्याचा प्रयत्न केला होता. तो फसला. रुग्णाच्या बिछान्यातील पोलादी स्प्रिंगांनी त्यात व्यत्यय आणला, असे सांगितले जाते. शोधावयाच्या धातूपेक्षा भोवतालचा नको असलेला धातूच अधिक बोलतो, ही अडचण शोधकाला आजही सोडून गेलेली नाही.

आकाराची निवड

वेटोळे जितके मोठे, तितके त्याचे क्षेत्र खोल पोहोचते. सुमारे ३८ सेंटिमीटर व्यासाचे वेटोळे मोठ्या व खोल वस्तूंसाठी उपयोगी पडते आणि मोकळे रान त्याने लवकर चाळून होते. मात्र लहान नाणे किंवा शिशाचा तुकडा यांसारख्या वस्तूंचा क्षीण प्रतिसाद त्याच्या विस्तृत क्षेत्रात हरवून जाऊ शकतो. शिवाय त्याच्या कक्षेत एकाच वेळी अनेक वस्तू येत असल्याने एका खिळ्याच्या संकेताखाली शेजारचे नाणे झाकले जाते. सुमारे १५ सेंटिमीटरचे वेटोळे याच्या उलट वागते. त्याची खोली कमी. पण खिळे, पत्रे आणि विटांचे तुकडे यांनी भरलेल्या जागेत ते एकेक वस्तू वेगळी दाखविते. २५ ते २८ सेंटिमीटरची वेटोळी या दोहोंमधील तडजोड होय.

खोलीविषयी सामान्य माणसाच्या अपेक्षा फार मोठ्या असतात. वस्तू लहान आणि वेटोळ्याच्या आकाराच्या मानाने दूर असेल, तर अंतर दुप्पट होताच परत येणारा संकेत चौसष्टावा हिस्सा उरतो. कारण जाताना आणि येताना, दोन्ही वेळा क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते. म्हणून प्रवाहाची तीव्रता दुप्पट केली, तरी पोहोच जेमतेम एक अष्टमांशाने वाढते. कित्येक हात खोल पुरलेले नाणे दाखविणारे यंत्र आपणाकडे आहे, असे कोणी विक्रेता सांगू लागल्यास ग्राहकाने हा हिशेब स्मरणात ठेवावा.

रचनेची निवड

वेटोळ्यांची मांडणीही महत्त्वाची असते. समकेंद्री रचनेत लहान वर्तुळ मोठ्या वर्तुळाच्या आत असते. तिचे क्षेत्र खाली निमुळते होत जाते, त्यामुळे वस्तूची जागा नेमकी कळते. परंतु जमिनीत लोहयुक्त खनिजे अधिक असतील तर ही रचना गोंधळते. दुसऱ्या रचनेत रोमन लिपीतील डी या अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून, किंचित एकमेकांवर चढवून बसविलेली असतात. तिचे संवेदनक्षम क्षेत्र मध्यरेषेलगतच्या अरुंद पट्टीत एकवटते, म्हणून जमिनीच्या खनिजांचा उपद्रव तिला कमी होतो. बंगळूरच्या परिसरातील तांबडी माती आपला रंग लोहाच्या ऑक्साइडांपासूनच घेते. अशा मातीत ही दुसरी रचना बहुधा अधिक विश्वसनीय ठरते. तथापि शहरातील विजेच्या तारा आणि जमिनीखालचे नळ यांचा त्रास कोणत्याही वेटोळ्याला चुकत नाही.

येथवरच्या विवेचनावरून यशवंतपूरच्या नाण्यांसारख्या ठेव्यासाठी मध्यम, आणि कचऱ्याने भरलेल्या जागी लहान वेटोळे निवडावे, हे सहज ध्यानात येईल. अग्निबाणांची गोष्ट मात्र वेगळी आहे. हौशी शोधक खिळ्यांचा त्रास टाळण्यासाठी यंत्राला लोखंडाचे संकेत वगळावयास सांगतो. नाणी शोधताना ही सोय उपयुक्त आहे. परंतु म्हैसूरच्या अग्निबाणाची नळी लोखंडाचीच होती, आणि त्या नळीमुळेच तो भीतिदायक अस्त्र बनला होता. लोखंड वगळून फिरणारा मनुष्य अशा नळीवरून काहीच न ऐकता निघून जाण्याचा संभव मोठा आहे. तेव्हा उत्तम वेटोळे कोणते, या प्रश्नाआधी आपण काय शोधत आहोत आणि काय टाकून देण्यास तयार आहोत, हे ठरविणे आवश्यक असते.

वस्तू आणि तिचे स्थान

अमेरिकेतील माँटाना राज्यात लिटल बिगहॉर्न येथे १८७६ मध्ये लढाई झाली होती. १९८३ मध्ये तेथील गवत वणव्यात जळून गेले, आणि पुढच्याच वर्षी डग्लस स्कॉट व रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी स्वयंसेवकांच्या रांगा करून ते रान धातुशोधकांनी तपासले. संकेत मिळेल तेथे निशाण रोवले गेले आणि प्रत्येक वस्तूचे स्थान मोजून नोंदले गेले. काडतुसांच्या पुंगळ्यांवरील आघाताच्या खुणांवरून एकच बंदूक रणांगणावर कोठून कोठे सरकली, हेही सांगता आले. या ज्ञानाचे मूल्य पुंगळ्यांत नव्हते. ते त्यांच्या स्थानांत होते. त्याच पुंगळ्या कोणी आधी खिशात घालून नेल्या असत्या, तर केवळ धातू उरला असता.

बंगळूरच्या भूमीलाही असा इतिहास आहे. १७९१ च्या मार्च महिन्यात कॉर्नवॉलिसच्या सैन्याने ७ तारखेला पेठ आणि २१ तारखेला किल्ला घेतला. त्या पेठेवर व किल्ल्याच्या बहुतांश भागावर आज दाट वस्ती आहे. जी थोडी जमीन उघडी पडते, तिचे मोल त्यामुळेच अधिक आहे.

म्हणून कायद्याने या बाबतीत मर्यादा घातल्या आहेत. केंद्राचा १९५८ चा आणि कर्नाटकाचा १९६१ चा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा संरक्षित क्षेत्रात अनुज्ञेवाचून उत्खनन करू देत नाही. जमिनीत सापडलेल्या निधीसंबंधी कर्नाटकाचा १९६२ चा स्वतंत्र कायदा आहे. असा निधी सापडल्यास त्याची वर्दी शासनास द्यावी लागते. तो सापडणाऱ्याने परस्पर घरी नेणे हा गुन्हा ठरतो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेषविषयक कायदाही लागू होतो.

तात्पर्य, जेथे शोध घेण्याची अनुज्ञा आहे तेथे प्रथम जमिनीची परीक्षा करावी, मग लक्ष्याचा धातू व आकार ठरवावा, आणि त्यानंतरच वेटोळे निवडावे. ते जमिनीपासून सारख्या उंचीवर, संथपणे, मागील फेरीचा अर्धा भाग पुन्हा झाकत फिरवावे. संकेत ऐकू येताच मात्र शोधकाचा हात कुदळीकडे न जाता आधी वहीकडे गेला पाहिजे. वस्तू कोठे होती, हे सांगण्याचे काम कोणतेही वेटोळे दुसऱ्यांदा करू शकत नाही.