जुन्या फिल्मची पिशवी

दादाला माझ्या यकृताचा भाग बसवला त्याला चार वर्षं झाली. हेपॅटायटिस बी, त्यातून सिरॉसिस, मग कॅन्सरच्या गाठी, असा त्याचा प्रवास. बोरी बुद्रुकहून पुण्याच्या खेपा घालताना जे कळलं, ते याच वाटेवर असलेल्या घरांसाठी लिहितो आहे.

१. गाठीच्या मापावर निर्धास्त होऊ नका.

प्रत्यारोपणाआधी ‘मिलान निकष’ कानावर पडतातच. मिलानच्या डॉ. मात्साफेरो आणि सहकाऱ्यांनी ते १९९६ मध्ये मांडले. एकच गाठ असेल तर ५ सेंटीमीटरपर्यंत. दोन-तीन असतील तर प्रत्येक ३ सेंटीमीटरच्या आत. मोठ्या रक्तवाहिनीत शिरकाव नको आणि यकृताबाहेर प्रसार नको. दादाच्या दोन गाठी होत्या, मोठी २.६ सेंटीमीटरची. “बसले बाई मापात,” म्हणत वहिनींनी हात जोडले.

पण रेडिओलॉजीच्या मॅडमनी स्क्रीन आमच्याकडे वळवून गाठीची कड दाखवली. सीटीच्या वेळी शिरेतून औषध सोडतात आणि ठरावीक अंतरानं चित्रं घेतात. यकृताला बहुतेक रक्त पोर्टल शिरेतून येतं, ही गाठ मात्र धमनीवर पोसते. एकाच वावरात दोन वेगळ्या पाइपलाइन असाव्यात तसं. म्हणून पहिल्या टप्प्यात गाठ उजळते आणि नंतर भोवतालच्या यकृतापेक्षा काळी पडते. दादाच्या मोठ्या गाठीची कड एका बाजूला ओबडधोबड होती. अशी कड, किंवा गाठीबाहेर पसरलेली उजळी दिसली, की बारीक रक्तवाहिन्यांत पेशी शिरल्या असतील अशी शंका घेतात. खात्री होते ती काढलेलं यकृत सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच. म्हणून तो पॅथॉलॉजीचा रिपोर्ट नुसता फाइलला लावू नका, डॉक्टरांकडून समजून घ्या.

२. “परत येईल का?” हे ऑपरेशनआधी विचारा.

मी दाता होतो, तरी मला हे विचारायची लाज वाटत होती. भावाला देताना हिशेब कसला करायचा, असं मनात यायचं. शेवटी दादानंच विचारलं. डॉक्टर म्हणाले, निवडून प्रत्यारोपण केलेल्या रुग्णांतही साधारण शंभरात दहा ते वीस जणांना आजार परत येतो, आणि बहुतेकांना पहिल्या दोन-तीन वर्षांत. पण दादाचं काय? त्यासाठी ते चित्राच्या जोडीला रक्तातला एएफपी, म्हणजे या कॅन्सरचा अंदाज देणारं प्रथिन, पाहत होते. पेट स्कॅनमध्ये साखरेसारखं औषध गाठ किती ओढते, आणि धमनीतून दिलेल्या कीमोनंतर ती किती मरते, हेही. आता संगणकाला हजारो चित्रं दाखवून अंदाज बांधण्याचं संशोधन चालू आहे. तरी दादासाठी नेमका आकडा त्यांनी दिला नाही, आणि त्या दिवशी मला राग आला.

आमच्या गावी कुकडीच्या काठाला ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती राख सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीची की त्याहून कित्येक लाख वर्षं जुनी, यावर संशोधक अजून वाद घालतात. हाताला लागणाऱ्या थराचं मागचं वय सांगताना इतकं अडतं. गाठीच्या चित्रावरून दादाची पुढची पाच वर्षं सांगा, असा हट्ट मग मी सोडला.

३. जुनी फिल्म आणि सीडी कधीच टाकू नका.

ही चूक माझी. ऑपरेशननंतर नवव्या महिन्यातला छातीचा सीटी जवळ पडतो म्हणून दुसऱ्या केंद्रात केला आणि जुनी पिशवी घरीच राहिली. रिपोर्टमध्ये आलं: उजव्या फुप्फुसात ५ मिलिमीटरचा ठिपका, तुलनेसाठी पूर्वीची तपासणी उपलब्ध नाही. प्रत्यारोपणानंतर हा कॅन्सर परतला तर फुप्फुसात दिसण्याची शक्यता मोठी, हे आम्हाला माहीत होतं. अकरा दिवस वहिनी नीट जेवल्या नाहीत. दादा मळ्यात जाऊन नुसता बांधावर बसायचा.

बाराव्या दिवशी पिशवी घेऊन पुण्याला गेलो. मॅडमनी ऑपरेशनआधीची सीडी लावली, नवी शेजारी उघडली. तोच ठिपका, त्याच जागी, तेवढाच. विशीत दादाला टीबी झाला होता, त्याचा तो वण. मॅडम म्हणाल्या, “ठिपका आहे एवढ्यावर काही ठरत नाही. वाढला का, ते बघायचं असतं.” दादा खुर्चीतून उठलाच नाही, तोंडावर उपरणं धरून बराच वेळ बसला.

४. सीटीआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) करून घ्या.

नवं यकृत शरीरानं नाकारू नये म्हणून दिलेलं टॅक्रोलिमस मूत्रपिंडावर ताण आणतं, आणि सीटीच्या औषधाचीही काळजी घ्यावी लागते. कोणती औषधं चालू आहेत ते तिथं आपणहून सांगा.

५. बरं वाटतंय म्हणून तारीख चुकवू नका.

तिसऱ्या वर्षी दादा म्हणाला, “आता कशाला? मी दोन पोती उचलतो.” पण परतलेली गाठ लहान आणि एकाच जागी असताना सापडली, तर काही जणांत ती काढता येते, दुखेपर्यंत थांबलं की ही वाट बहुधा बंद होते. मी त्याच्याशी भांडलो. तुझ्यात माझा तुकडा आहे, असंही बोलून गेलो. दोघंही गप्प झालो. सकाळी तो गाडीत येऊन बसला होता.

पुढची तारीख कांदा लागवडीत येतेय. मजूर आधीच सांगून ठेवलेत. सीड्यांवर मी क्रमानं तारखा घातल्यात, आणि वहिनींनी पिशवीला आतून प्लॅस्टिकचं अस्तर शिवलंय.